घरच्या टेबलावर डीएनए छापता येईल? यंत्र येईल, पण ऑर्डर कोण तपासणार?

गेल्या महिन्यात बातमीच्या कामानं बेळगावातल्या एका कॉलेजच्या बायोटेक विभागात गेलो होतो. मॅडमशी बोलत बसलो असताना बंगळूरहून कुरिअर आलं. साधं पाकीट. आत करंगळीच्या टोकाएवढ्या दोन प्लास्टिकच्या कुप्या. शिपाईमामांनी एक कुपी उजेडात धरली, हलवून बघितली आणि म्हणाले, “मॅडम, ह्यात काय नाही की ओ! रिकामीच बाटली पाठवलीय.”

मॅडम हसल्या. “आहे मामा. वाळवून पाठवतात, तळाला चिकटलेलं असतं. डोळ्याला दिसत नाही.”

त्या कुपीत डीएनए होता. कुठल्या झाडातून, प्राण्यातून किंवा माणसातून काढलेला नव्हे, तर कारखान्यात रसायनांपासून एकेक अक्षर जुळवून बनवलेला. वीस अक्षरांचा तुकडा. कॉलेजनं कंपनीच्या वेबसाइटवर ती वीस अक्षरं टाइप केली, एका अक्षरामागं काही रुपये असा दर लागला आणि थोड्याच दिवसांत माल दारात. लग्नपत्रिकेचा मजकूर प्रेसमध्ये द्यावा आणि गठ्ठा घरी यावा, तसंच.

शेवटच्या वर्षाचा एक मुलगा तिथंच उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, ह्याचं मशीन घरात ठेवता येणार नाही काय? प्रिंटर ठेवतो तसं?”

मॅडमना तेवढ्यात तासाला जायचं होतं, त्यामुळं उत्तर राहिलं. मी बी.कॉम.वाला, मला प्रश्नसुद्धा निम्माच कळला होता. पण तो डोक्यात राहिला. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं ते इथं मांडतोय. कारण हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. अमेरिकेत, युरोपात हजारो हौशी माणसं गेली पंधराहून जास्त वर्षं हेच विचारताहेत.

फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली

आधी एक फरक लक्षात घेऊ. कोरोनाच्या काळात ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द आपण रोज ऐकला. ते म्हणजे डीएनए वाचणं. ए, टी, जी, सी ही चार अक्षरं कुठल्या क्रमानं आली आहेत ते बघणं. आपण आज बोलतोय ते लिहिण्याबद्दल. म्हणजे अक्षरांचा क्रम आपण ठरवायचा आणि तसा डीएनए बनवून घ्यायचा. ह्याला सिंथेसिस म्हणतात.

हे ऐकायला परग्रहावरचं वाटतं, पण घरात शुगरचा पेशंट असेल तर ह्याचं फळ तुमच्या फ्रिजमध्ये आहे. पूर्वी इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप ह्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जेनेन्टेक कंपनीबरोबर माणसाच्या इन्सुलिनचा जीन रसायनांपासून जुळवला आणि जिवाणूत घातला. मग जिवाणू इन्सुलिन बनवायला लागले. १९८२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात आणि प्रत्येकासाठी डीएनएची तीन अक्षरं लागतात. म्हणजे मूळ मजकूर १५३ अक्षरांचा. आमच्या पोर्टलवरचा एक मथळा आणि त्याखालची एक ओळ मिळून साधारण तेवढी होतात.

ह्या लिखाणाची सुरुवात करणाऱ्यांत आपला माणूस होता. हरगोबिंद खुराना, जन्म आताच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, रायपूर नावाच्या खेड्यातला. १९६८ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यानंतर १९७० मध्ये त्यांच्या गटानं पहिला संपूर्ण कृत्रिम जीन जाहीर केला. यीस्टमधला, ७७ जोड्यांचा. त्यासाठी निष्णात रसायनतज्ज्ञांच्या गटाची कित्येक वर्षं गेली. खुरानांच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या मार्विन कॅरुथर्स ह्यांनी सर्ज बोकाज ह्यांच्याबरोबर १९८१ मध्ये एक नवी रासायनिक पद्धत मांडली. आज बंगळूरहून कॉलेजला आलेली कुपीसुद्धा बहुतेक त्याच पद्धतीनं बनलेली असणार. चाळीस वर्षांत मोटारी बदलल्या, फोन बदलले, ही पद्धत पायाशी तशीच आहे.

घसाऱ्याचं गणित

पद्धत सांगायला सोपी आहे. पहिलं अक्षर एका आधाराला चिकटवायचं. पुढचं अक्षर येतं ते डोक्यावर टोपी घालून, म्हणजे एका वेळी एकच अक्षर जोडलं जातं. मग टोपी काढायची, धुवायचं, पुढचं अक्षर. जुन्या छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवायचा तसंच. फरक इतकाच, की इथं एका वेळी एक ओळ जुळत नाही. त्याच मजकुराच्या कोट्यवधी ओळी एकदम जुळत असतात.

आणि इथंच गोम आहे. प्रत्येक वेळी सगळ्याच ओळींत अक्षर बसत नाही. शंभरातल्या ९९ मध्ये बसतं, एक हुकते. शंभरात ९९ म्हणजे डिस्टिंक्शनच की, असं आपल्याला वाटेल. पण कॉमर्सवाल्यांनी घसाऱ्याची घटत्या शिलकेची पद्धत आठवावी. दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढत गेलं की यंत्राचं काय होतं? तेच इथं. वीस अक्षरांनंतर १०० पैकी सुमारे ८२ ओळी बरोबर असतात. शंभर अक्षरांनंतर ३७. दोनशेनंतर फक्त १३. अचूकता वाढवून साडेनव्व्याण्णव टक्के केली तरी दोनशे अक्षरांनंतर ३७ च उरतात.

म्हणून एका दमात दोनशेच्या आसपास अक्षरांपलीकडं जाणं अवघड होतं. मोठा जीन हवा असेल तर लहान तुकडे बनवायचे, एकमेकांना जोडायचे, मग वाचून तपासायचे, चुकलेले टाकून द्यायचे. खरं काम आणि खरा खर्च ह्या जोडण्यात आणि तपासण्यात आहे. यंत्र विकत घेतलं म्हणजे जीन मिळाला असं होत नाही.

शिवाय ती रसायनं. काही पेट घेणारी, काही आम्लं. सगळं कोरडं लागतं, हवेतली वाफसुद्धा चालत नाही. आपल्या बेळगावच्या जून-जुलैच्या हवेत हे कसं जमवायचं, देव जाणे. वापरलेलं रसायन मोरीत ओतता येत नाही. २००५ साली रॉब कार्लसन ह्या अमेरिकी शास्त्रज्ञानं ‘वायर्ड’ मासिकात लिहिलं होतं, की ई-बेवर जुनी यंत्रं घेऊन गॅरेजमध्ये प्रयोगशाळा उभी करता येते. त्यांनी स्वतः ती केलीही. पण पुढच्या हौशी लोकांनी यंत्र जवळ केलं नाही. त्यांनी ऑर्डर देणं पसंत केलं.

कारण साधं आहे, भाव. २००० सालाच्या सुमारास तयार जीनचा दर अक्षराला दहा डॉलर किंवा त्याहून जास्त होता. आज तो मोठ्या कंपन्यांकडं दहा सेंटच्या आत आला आहे. म्हणजे इन्सुलिनची ती १५३ अक्षरं तेव्हा दीड हजार डॉलरची होती आणि आज हिशेबापुरती पंधरा डॉलरच्या आतली. (हिशेबापुरती म्हणतो, कारण कंपन्यांची किमान ऑर्डर असते.) हे घडलं ते सिलिकॉनच्या चकतीवर एकाच वेळी हजारो वेगवेगळे तुकडे बनवता यायला लागले म्हणून. ही कारखान्याची स्वस्ताई आहे. घरी एक किलो पीठ दळायला स्वतःची गिरणी घालणाऱ्याला ती मिळत नाही.

ही हौशी मंडळी कोण?

‘हौशी’ म्हटलं की आपल्याला हौशी नाटकं आठवतात. दिवसा बँकेत नोकरी, रात्री तालीम. हे तसंच. २००८ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळ मॅकेन्झी कॉवेल आणि जेसन बोब ह्यांनी ‘डीआयवायबायो’ नावानं अशा लोकांना एकत्र आणलं. २०१० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जेनस्पेस ही सार्वजनिक प्रयोगशाळा सुरू झाली. जिमसारखी वर्गणी भरायची, सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं आणि प्रयोग करायचे. शिक्षक, चित्रकार, सॉफ्टवेअरवाले, निवृत्त माणसं. त्यापाठोपाठ कॅलिफोर्नियात, पॅरिसमध्ये अशा जागा झाल्या.

त्यांना कृत्रिम डीएनए लागतो तो बहुतेक वेळा त्या कॉलेजसारखाच, वीस-पंचवीस अक्षरांचा. ह्या तुकड्याला प्रायमर म्हणतात. लांबलचक डीएनएमध्ये नेमकी कुठली जागा शोधायची हे तो सांगतो. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन शाळकरी मुलींनी दुकानांतले, हॉटेलांतले माशांचे नमुने गोळा करून कॅनडातल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर त्यातले कितीतरी भलत्याच माशांचे निघाले. महागडा म्हणून स्वस्त मासा. असली तपासणीसुद्धा प्रायमरशिवाय होत नाही. आपल्याकडच्या बाजारात सुरमई म्हणून काय काय खपतं, हे कुणी एकदा बघायला हवंय.

भारतातही हौस पोचली. २००९ मध्ये बंगळूरच्या सृष्टी ह्या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेचे विद्यार्थी ‘आयजेम’ ह्या जागतिक स्पर्धेत उतरले. एमआयटीच्या एका वर्गातून वाढलेली ही स्पर्धा, एरवी जीवशास्त्राच्या मुलांची. ह्या चित्र-शिल्पवाल्या पोरांनी ठरवलं, जिवाणूला मातीचा वास द्यायचा. पहिल्या पावसानंतर जो दरवळ येतो त्याच्यामागं जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, ते जिवाणूकडून बनवून घ्यायचं. आपल्या भागातल्या कुणालाही हा हट्ट समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पण हौसेला भिंत कुठं लागते ते बघायचं तर २०१३ चं ‘ग्लोइंग प्लांट’ प्रकरण बघावं. कॅलिफोर्नियातल्या तिघाचौघांनी किकस्टार्टरवर जाहीर केलं, की अंधारात चमकणारं रोप बनवू, पैसे देणाऱ्याला बिया घरपोच. ६५ हजार डॉलर मागितले होते. ८,४३३ लोकांनी मिळून सुमारे ४ लाख ८४ हजार डॉलर दिले. सांगणं असं होतं, की डीएनएचा मजकूर संगणकावर लिहायचा, छापून घ्यायचा, रोपात घालायचा. छापून घेणं जमलं. रोप मात्र ऐकेना. एकामागोमाग सहा जीन एकाच रोपात, योग्य प्रमाणात चालायला हवे होते. चमक आली ती इतकी मंद, की कॅमेऱ्याला दिसायची, माणसाला नाही. २०१७ मध्ये प्रकल्प गुंडाळला. बिया कुणालाच मिळाल्या नाहीत. दरम्यान किकस्टार्टरनं जनुकीय बदल केलेले जीव बक्षीस म्हणून द्यायला बंदी घातली.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अडलं ते छपाईपाशी नव्हतंच. अक्षरं स्वस्त झाली म्हणून लेखक होता येत नाही, हे आम्हा बातमीदारांना कुणी सांगायला नको. चमकणारं रोप पुढं आलं, नाही असं नाही. बुरशीचे जीन घातलेली पेटुनिया २०२४ मध्ये अमेरिकेत २९ डॉलरला विक्रीला आली. पण ती मुरलेल्या शास्त्रज्ञांच्या कित्येक वर्षांच्या कामातून. २०१५ मध्ये ओकलंडच्या हौशी प्रयोगशाळेत सुरू झालेला ‘ओपन इन्सुलिन’ प्रकल्पही तसाच. इन्सुलिन सगळ्यांना परवडावं हा हेतू सोन्यासारखा, जीनचा मजकूर जगजाहीर, तरी बाटली अजून बाजारात नाही. जीन मिळाल्यावर शुद्धीकरण, तपासण्या, परवाने असा लांब रस्ता उरतोच.

नवं यंत्र, पाण्यातलं

मग त्या मुलाच्या यंत्राचं काय? ते येतंय, आणि येण्याचा रस्ता वेगळा आहे. आपल्याच शरीरात टीडीटी नावाचं एक एन्झाइम असतं. रोगप्रतिकारक पेशी तयार होताना ते डीएनएच्या टोकाला अक्षरं चिकटवत जातं, कुठलाही नमुना समोर न ठेवता. त्यामुळं प्रतिपिंडांत इतकी विविधता येते. शास्त्रज्ञांच्या मनात आलं, ह्यालाच कंपोझिटर म्हणून कामाला लावलं तर? हे पाण्यात काम करतं, त्या पेटणाऱ्या द्रावणांची गरज नाही. अडचण एकच, हे थांबत नाही. एक अक्षर सांगावं तर दहा चिकटवतं. २०१८ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सेबास्टियन पालुक आणि डॅन अर्लो ह्यांनी युक्ती दाखवली. एन्झाइमच्या प्रत्येक कणाला एकच अक्षर बांधून ठेवायचं. ते अक्षर जोडलं की तो कण तिथंच अडकतो, आणि त्याला सोडवल्याशिवाय पुढचं अक्षर लागत नाही.

फ्रान्सच्या डीएनए स्क्रिप्ट कंपनीनं २०२१ मध्ये एन्झाइमवर चालणारं टेबलावरचं यंत्र बाजारात आणलं. एका फेरीत ९६ तुकडे, सुरुवातीला साठेक अक्षरांपर्यंत. सकाळी मजकूर द्यायचा, काही तासांत माल तयार. पण ते घेतात संशोधन संस्था आणि औषध कंपन्या. यंत्राबरोबर दर वेळी कंपनीचीच रसायनं लागतात, म्हणजे प्रिंटरच्या शाईचा धंदा. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, ही चाल आपल्याला ठाऊक आहे. इथं तर प्रिंटरही स्वस्त नाही.

माझा अंदाज विचाराल तर, पुढच्या काही वर्षांत असं यंत्र मोठ्या कॉलेजात, जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये दिसायला लागेल. घरात नाही. डीटीपी आलं तेव्हा सगळे म्हणत होते, आता घरोघरी छापखाना होणार. घरोघरी प्रिंटर आलेही. त्यातल्या निम्म्यांची शाई वाळलेली असते आणि आपण आधारकार्डाची प्रत काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे असतो.

काउंटरवर कोण?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडं येतो. आजची पद्धत महाग नाही, हळू नाही, मग तिच्यात आणि घरच्या यंत्रात फरक काय? फरक काउंटरचा आहे. आज डीएनए मागवायचा तर समोर एक कंपनी असते, आणि ती मजकूर बघते.

नेहमीच बघत होती असं नाही. २००६ च्या जूनमध्ये लंडनच्या ‘गार्डियन’च्या बातमीदारानं देवीच्या विषाणूच्या डीएनएचा ७८ अक्षरांचा तुकडा मागवला. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालंय, पण त्याच्या विषाणूचा पूर्ण मजकूर प्रसिद्ध आहे, पावणेदोन लाखांहून जास्त अक्षरांचा. त्यातला हा चिमूटभर तुकडा, तोही मुद्दाम निरुपयोगी करून मागवलेला. तरी तो उत्तर लंडनमधल्या राहत्या घरी टपालानं येऊन पडला. कुणी विचारलं नाही. आमच्या धंद्यातल्या माणसानं काढलेल्या चांगल्या बातम्यांत मी ही धरतो.

२००९ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन तपासणीचे सामाईक नियम केले. दोन चाळण्या. पहिली मजकुराची. मागवलेली अक्षरं धोकादायक जंतूंच्या किंवा विषांच्या यादीशी जुळतात का. दुसरी माणसाची. मागवणारा कोण, संस्था कुठली, काम कशाचं. बँकेच्या केवायसीसारखं. अमेरिकी सरकारनं २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात दोनशे अक्षरं आणि वरच्या तुकड्यांचा विचार होता. नंतरच्या सूचनांत ही मर्यादा ५० अक्षरांवर आणायचं ठरलं. २०२४ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाला चाळणी लावणाऱ्या कंपन्यांकडूनच खरेदी करायची अट आली, आणि २०२५ मध्ये तोच आराखडा पुन्हा सुधारायला घेतला. ब्रिटननंही २०२४ मध्ये सूचना काढल्या. पण बऱ्याच ठिकाणी हे अजून ऐच्छिक आहे. चाळणी लावायला खर्च येतो. जी कंपनी लावते तिचा माल महाग, जी लावत नाही तिचा स्वस्त आणि लवकर. धंद्यात ह्याचं पुढं काय होतं ते सांगायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

चाळणी पुरेशी आहे का, हाही प्रश्न आहेच. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलं, की एआयच्या मदतीनं विषारी प्रथिनांचा मजकूर बदलून लिहिला तर काही मजकूर चाळणीतून सुटतो. कंपन्यांना आधी सांगून, चाळणी दुरुस्त करून मगच त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

यंत्र टेबलावर आलं की काउंटरच जातो. त्यावर सुचवला जाणारा उपाय आपल्या ओळखीचा आहे. रंगीत झेरॉक्स यंत्रात पाचशेची नोट ठेवून बघा, बरीच यंत्रं छापायला नकार देतात. नोटेवरची खूण यंत्र ओळखतं. तसंच डीएनएच्या यंत्रानं मजकूर आधी तपासावा, शंका आली तर कंपनीला कळवावं, यंत्र कुणाला विकलं ह्याची नोंद राहावी, असं हे सुचवणं आहे. मला ते पटतं. पण त्याचबरोबर हेही दिसतं, की त्रास आधी सरळ माणसाला होणार. आजही बऱ्याच कंपन्या घरच्या पत्त्यावर माल पाठवत नाहीत, संस्थेचं नाव मागतात. ब्रुकलिनच्या हौशी माणसाकडं जेनस्पेसचा पत्ता आहे. आपल्या निपाणीच्या, डिचोलीच्या किंवा इंदूरच्या बी.एस्सी. झालेल्या मुलाकडं पदवी संपल्या दिवसापासून कुठलाच पत्ता नसतो.

आणि आपला कायदा? तो जुना आहे, पण मोघम नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव हाताळणारी ‘कोणतीही व्यक्ती’ असो, तिच्याकडं जैवसुरक्षा समिती हवी. त्यावर दिल्लीतल्या समित्या. बीटी वांग्याच्या वेळी जिचं नाव रोज पेपरात यायचं ती जीईएसी त्यातलीच. म्हणजे कुपीतला वाळलेला प्रायमर मासा ओळखायला वापरणं ही एक गोष्ट, आणि तुकडा जिवाणूत घालून घरी वाढवणं ही अगदी वेगळी. दुसरी गोष्ट समितीशिवाय करता येत नाही. जर्मनीनं २०१७ मध्ये आपल्या हौशी लोकांना हेच बजावलं होतं. परवाना असलेल्या जागेबाहेर असे प्रयोग केले तर ५० हजार युरोपर्यंत दंड.

आपल्या नियमांत जिल्हा पातळीवरही समितीची तरतूद आहे, आणि तिचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. नियम केंद्राचे, त्यामुळं खानापूर असो, चंदगड असो की साखळी, सारखेच. सीमा ओलांडली की डिझेलचा भाव बदलतो, हे बदलत नाही. पूर, निवडणूक, ऊसदराचं आंदोलन सांभाळणाऱ्या माणसाच्या टेबलावर हा विषय कितवा असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा. पण उद्या जिल्ह्यात असं यंत्र आलं तर विचारायची जागा तीच आहे.

परवा त्या कॉलेजात पुन्हा गेलो, मुद्दाम त्या मुलाला भेटायला. त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे सर, मशीन नाही, जागा पाहिजे. जिथं कुणीतरी सही करणारं असेल अशी.” मासेबाजारातून वीस नमुने आणून तपासायची त्याच्या डोक्यात कल्पना आहे. प्रायमर कुठले लागतील ते त्यानं शोधूनही ठेवलंय. मॅडम तयार आहेत. कंपनीच्या ऑर्डरच्या फॉर्मवर ‘वापर कशासाठी’ असा एक रकाना आहे आणि खाली संस्थाप्रमुखाची सही लागते. रकाना भरलाय. प्राचार्य रजेवर आहेत, सोमवारी येतील.